बोअर किती फुटांवर थांबवायचा, हे गाडी येण्याआधी ठरवा

मार्च उलटला आणि विहिरींनी तळ गाठला की गावोगावच्या रस्त्यांवर बोअरच्या गाड्या दिसायला लागतात. यातल्या बऱ्याच गाड्यांवर तमिळनाडूचा नंबर असतो, कारण बोअर मारणाऱ्या गाड्यांचं देशातलं मोठं केंद्र नामक्कल जिल्ह्यातलं तिरुचेनगोड हे गाव आहे. गाडी शिवारात आली की कृषी केंद्रापासून दूध संकलनापर्यंत एकच विचारणा सुरू होते: फुटाला काय भाव? भाव विचारायलाच हवा. पण घासाघीस करून फुटामागे दहा रुपये कमी केले, तर दोनशे फुटांत दोन हजार वाचतात. आणि तोच शेतकरी पाणी लागेना म्हणून त्याच रात्री आणखी चारशे फूट मारून घेतो, तेव्हा पन्नास हजार वर जातात. बोअरचा खर्च भावाने वाढतो त्याच्या कितीतरी पट कुठे थांबायचं हे न ठरवल्याने वाढतो. तो आकडा कंप्रेसरच्या आवाजात, चार जण चार सल्ले देत असताना ठरत नाही. तो आधी ठरवून, कागदावर लिहून खिशात ठेवायचा असतो.

त्यासाठी पायाखालचा खडक थोडा ओळखीचा हवा. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग लाव्हारसापासून बनलेल्या बेसाल्ट खडकाचा आहे. हा खडक थरांचा असतो. वर माती, खाली मुरूम, मग कठीण काळा पाषाण, त्याखाली कुठे बारीक पोकळ्यांचा मांजऱ्या खडक, मध्येच लाल गेरूचा पट्टा, पुन्हा काळा पाषाण. काळ्या पाषाणात स्वतःची अशी पाणी धरण्याची जागा जवळजवळ नसते. पाणी असतं ते मुरमात, मांजऱ्यात, दोन थरांच्या सांध्यात आणि पाषाणाला गेलेल्या भेगांत. या भेगा वरच्या भागात जास्त आणि मोकळ्या असतात. जसजसं खाली जावं तसतशा त्या कमी होतात, वरच्या वजनाने मिटत जातात. खोलवर पाणी कधीच लागत नाही असं नाही, पण ते लागण्याची शक्यता कमी होत जाते. शिवाय तिथे लागलेलं पाणी अनेकदा वर्षानुवर्षं साठलेलं असतं. उपसलं की दर पावसाळ्यात ते तितकं भरून येत नाही. पहिल्या उन्हाळ्यात जोरात चाललेला सातशे फुटी बोअर तिसऱ्या उन्हाळ्यात आटतो, त्याचं कारण हेच.

म्हणून बेसाल्टच्या भागात शेतीच्या बोअरसाठी २०० फूट हा आकडा मनाशी पक्का धरावा, असं माझं स्पष्ट मत आहे. कायदाही तेच सांगतो. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा १ जून २०१४ पासून लागू आहे. त्यात ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे २०० फुटांपेक्षा जास्त खोलीची विहीर ‘खोल विहीर’ धरली आहे. बोअरही त्यात आला. शेती आणि उद्योगासाठी अशा खोल विहिरीला मनाई आहे. प्रत्यक्षात वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात आणि लातूर-धाराशिवकडे यापेक्षा कितीतरी खोल बोअर झाले आहेत, हे सगळ्यांना दिसतं. वरुड-मोर्शीत त्या खोलीने बागा तरल्या नाहीत. पाण्याची पातळी दर काही वर्षांनी खाली गेली आणि प्रत्येक शेतकऱ्याला शेजाऱ्यापेक्षा खोल जावं लागलं. या शर्यतीत आधी संपतो तो पैसा.

दोन भागांना हे गणित लागू नाही. तापी-पूर्णेच्या खोऱ्यात, जळगाव, बुलढाणा, अकोला, अमरावतीच्या गाळाच्या पट्ट्यात, खाली खडकाऐवजी माती-वाळूचे जाड थर आहेत. तिथे भोक उघडं राहतच नाही. तळापर्यंत केसिंग, पाण्याच्या थरासमोर जाळीचा पाइप आणि त्याभोवती खडीचा भराव लागतो. खर्चाचा मोठा भाग फुटाच्या भावाऐवजी पाइपात जातो. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तर पाणी लागूनही ते पिकाला चालेल का, हा पहिला प्रश्न असतो. तिथे शेजारच्या बोअरचं पाणी बाटलीत भरून माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय गाडी बोलावू नये. दुसरा भाग पूर्व विदर्भाचा, भंडारा, गोंदिया, गडचिरोलीचा. तिथला खडक वेगळा, जुना, स्फटिकमय. तिथेही पाणी भेगांतच असतं, पण थरांचा अंदाज बांधण्याची रीत निराळी आहे. पुढचा सगळा हिशोब बेसाल्टचा आहे.

दोनशे फूट आणि सहाशे फूट

दर तालुक्यागणिक, डिझेलच्या भावाप्रमाणे आणि हंगामाप्रमाणे बदलतात. खाली धरलेले दर फक्त हिशोब समजावा म्हणून आहेत. आपल्या भागातले दर घालून हाच हिशोब पुन्हा मांडा.

समजा साडेसहा इंची बोअर पहिल्या ३०० फुटांना १०० रुपये फूट आहे आणि केसिंग ४५० रुपये फूट. २०० फूट खोदाईचे २०,००० झाले. वर ४० फूट माती-मुरूम असेल तर केसिंगचे १८,०००. एकूण ३८,०००. बहुतेक जण इथेच थांबून ‘बोअर अडतीस हजारांत झाला’ म्हणतात. पण पाणी जमिनीवर यायला अजून बरंच लागतं. तीन एचपीची सबमर्सिबल मोटर २४,०००, १८० फूट पाइप ७० रुपयांनी १२,६००, २०० फूट केबल ४० रुपयांनी ८,०००, ड्राय रन संरक्षणासह स्टार्टरची पेटी ६,५००, दोर, क्लॅम्प, झाकण ३,००० आणि मोटर सोडण्याची मजुरी ३,०००. हे ५७,१०० झाले. म्हणजे सगळा मिळून ९५,१०० रुपये. विजेचे खांब-तारा लांब असतील तर त्यांचा खर्च वेगळा.

आता हाच बोअर ६०० फूट गेला असं धरू. ३०० फुटांनंतर दर शंभर फुटांना भाव चढतो. १०० रुपयांचे ३०० फूट म्हणजे ३०,०००. पुढचे शंभर ११५ ने ११,५००, त्यापुढचे १३५ ने १३,५००, शेवटचे १६० ने १६,०००. खोदाई ७१,००० आणि केसिंग तेच १८,०००. एकूण ८९,०००. त्या खोलीला लागणारी जास्त टप्प्यांची साडेसात एचपी मोटर ४८,०००, ५६० फूट जाड पाइप ९० रुपयांनी ५०,४००, ५८० फूट जाड केबल ७५ रुपयांनी ४३,५००, पेटी १०,०००, किरकोळ सामान ५,०००, मजुरी ७,०००. हे १,६३,९०० झाले. एकूण २,५२,९००.

पण हा हिशोबही अर्धाच आहे, कारण यात बोअर कोरडा जाण्याचा खर्च धरलेला नाही. आपल्या शिवारात २०० फुटांपर्यंत पाचपैकी तीन बोअरना कामाचं पाणी लागत असेल, तर पाणी देणाऱ्या एका बोअरमागे खोदाईचा खरा खर्च ३८,००० गुणिले ५ भागिले ३, म्हणजे सुमारे ६३,३०० पडतो. मोटर-पाइप धरून १ लाख २० हजार. सहाशे फुटांना पाचपैकी दोनच यशस्वी होत असतील, तर खोदाईचेच २,२२,५०० होतात आणि सगळे मिळून ३ लाख ८६ हजार. बोअर घेण्याआधी घरात बसून मांडायची रक्कम ही आहे. एवढी रक्कम गेली तरी कुटुंबाचं वर्ष निभावेल का, हे आधी बघा. पहिला बोअर कोरडा गेल्यावर सावकाराकडून पैसे काढून दुसरा मारायचा, हा निर्णय रात्री शेतात उभं राहून होतो. कितीतरी घरं त्याच निर्णयाने अडचणीत आली आहेत.

जागा आणि पाणाडी

पाचपैकी तीन की पाचपैकी एक, हे कळणार कसं? त्याची सर्वांत स्वस्त रीत म्हणजे वही घेऊन आजूबाजूच्या आठ-दहा बोअरमालकांकडे जाणं. प्रत्येकाला पाच गोष्टी विचारा: बोअर कोणत्या साली घेतला, केसिंग किती फूट लागलं, पाणी किती फुटांवर लागलं, एकूण किती फूट मारला, आणि आता मे महिन्यात किती तास चालतो. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ‘तीन इंच पाणी लागलं’ असं सांगणारे भेटतील, पण ते तीन इंच ऑक्टोबरातलं होतं की मेमधलं, हे खोदून विचारल्याशिवाय कळत नाही. कोरडे गेलेले बोअर लोक सहसा सांगत नाहीत, म्हणून तेही आवर्जून विचारा. ही वही भरली की बहुतेक वेळा एक चित्र दिसतं. ११० ते १४० फुटांच्या दरम्यान बऱ्याच जणांना पाणी लागलेलं असतं, आणि त्याखाली गेलेल्यांपैकी फारच थोड्यांना काही मिळालेलं असतं. तुमचा थांबण्याचा आकडा याच वहीतून निघेल. पाणी लागण्याच्या पट्ट्याखाली तीस-चाळीस फूट जादा मारा, म्हणजे मोटर बुडून राहायला आणि गाळ बसायला जागा मिळते. त्याखाली जायचं नाही.

त्यानंतर शास्त्रीय सर्वेक्षण. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यात १९७२ पासून काम करते. तिची जिल्हा कार्यालयं आहेत आणि आपलं गाव ज्या पाणलोटात येतं तिथला भूजल उपसा सुरक्षित आहे की अतिशोषित, याची माहिती तिथे मिळते. खासगी भूशास्त्रज्ञ विद्युत रोधकतेची चाचणी करून देतात. जमिनीत चार खुंट्या ठोकून वीज सोडायची आणि खालचे थर तिला किती अडवतात ते मोजायचं, अशी ही पद्धत. यातून खडकाचा थर आणि ओलावा यांचा अंदाज येतो. पाण्याची हमी कोणीच देत नाही, आणि जो देतो त्याच्यापासून लांब राहावं. पण काही हजारांच्या या तपासणीने अडतीस हजारांचा एक कोरडा बोअर टळला, तरी ती पुरेपूर वसूल होते.

पाणाड्याबद्दलही सांगायला हवं, कारण नारळ किंवा उंबराची दुबेळकी घेऊन शेतात फिरणारा माणूस आपल्याकडे अजूनही आधी बोलावला जातो. गावातल्या जुन्या पाणाड्यांना ओढे, बांधाची ओल, कुठली झाडं कुठे हिरवी राहतात, याची चांगली नजर असते. त्या नजरेचा आदर आहे. पण हातातली काठी वळली म्हणून खाली किती फुटांवर किती पाणी आहे ते कळतं, याला पुरावा नाही. पाणाड्याला बोलावलंत तर त्याने दाखवलेल्या जागेवर आणि आणखी दोन जागांवर रोधकतेची चाचणी करून घ्या, आणि चाचणीचं ऐका. पाणाडी आणि बोअरच्या गाडीचा एजंट एकच माणूस असेल, तर विशेष जपून राहा. एजंटला फुटावर दलाली मिळत असेल, तर ‘अजून पन्नास फूट मारा, खाली नक्की आहे’ हे वाक्य तुमच्या हिताचं असेलच असं नाही.

जागा निवडताना कायद्याचं अंतरही बघा. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत विहीर किंवा बोअर घ्यायला परवानगी लागते. बोअर घेण्याच्या किमान १५ दिवस आधी संबंधित यंत्रणेला लेखी कळवावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये उघड्या बोअरबाबत दिलेल्या निर्देशांत म्हटलं आहे. ग्रामपंचायतीत अर्ज द्या आणि पोच घ्या. बोअरची गाडी नोंदणीकृत आहे का, तेही विचारा. भूजल कायद्यानुसार ती नोंदणी आवश्यक आहे.

गाडीवाल्याशी बोलणी

तोंडी भाव हा वादाचा उगम. एका कागदावर, साध्या मराठीत, लिहून घ्या: पहिल्या किती फुटांना काय दर, पुढच्या प्रत्येक शंभर फुटांना काय दर, वरच्या मुरमात मोठ्या बिटने मारायचा आणि केसिंग उतरवायचा दर खोदाईतच धरलेला आहे की वेगळा, केसिंग कोणत्या मापाचं आणि कोणत्या जाडीचं, किमान किती फुटांचे पैसे द्यावेच लागतील, मध्येच भोक ढासळलं तर कोण भरणार, येण्या-जाण्याचं भाडं किती आणि पावती मिळणार का. ‘किमान फूट’ ही अट बरेच जण विचारत नाहीत. पाणी ११० फुटांवर लागलं, तुम्ही १५० ला थांबवलं, तरी ३०० फुटांचे पैसे मागितले जातात, तेव्हा ती समजते. आणि कागदाच्या शेवटी थांबण्याचा आकडा लिहा: ‘मालकाने लेखी सांगितल्याशिवाय १८० फुटांपुढे मारू नये.’

बोअर कधी घ्यावा? एप्रिल-मेमध्ये गाड्यांना मागणी असते, भाव चढे असतात. तरीही शेतीच्या बोअरसाठी मला उन्हाळाच योग्य वाटतो, कारण त्या वेळी लागलेलं पाणी हे वर्षातलं सर्वांत कमी पाणी असतं. दिवाळीच्या आसपास लागलेल्या भरपूर पाण्यावर भरवसा ठेवून डाळिंबाची लागवड करायची आणि मेमध्ये टँकर लावायचे, हा सौदा फुटामागे वाचवलेल्या पाच-दहा रुपयांपेक्षा फार महाग पडतो.

गाडी चालू असताना घरातला एक जण वही घेऊन तिथेच बसला पाहिजे. चहा-पाण्याची धावपळ दुसऱ्या कुणाकडे द्या. आधी टेपने एक रॉड मोजा. बहुतेक गाड्यांचे रॉड २० फुटी असतात, पण काहींचे त्यापेक्षा आखूडही असतात. मग प्रत्येक रॉड आत गेला की वहीत एक रेघ. शेवटी रेघा गुणिले रॉडची लांबी एवढीच खोली. गाडीवाल्याचा आकडा याच्याशी जुळला पाहिजे. खोलीच्या हिशोबात वाद होतात ते इथेच, आणि रेघा मारलेली वही समोर असली की ते लगेच मिटतात. दर दहा फुटांना भोकातून वर आलेल्या चुऱ्याची एक एक मूठ ओळीने जमिनीवर मांडत जा. तपकिरी मुरूम संपून राखाडी-काळा, पिठासारखा बारीक भुगा यायला लागला की पाषाण सुरू झाला. लालसर झाला की गेरूचा पट्टा. चुऱ्यात पांढरे-हिरवट दाणे दिसले आणि रॉड झपझप उतरायला लागला, तर मांजऱ्या खडक असण्याची शक्यता मोठी, आणि पाणी लागायची जागाही बहुधा तीच. भुगा उडायचा थांबून त्याच्या ओल्या गोळ्या यायला लागल्या की ओल सुरू झाली. प्रत्येक रॉडला किती मिनिटं लागली तेही लिहा. सलग पाच-सहा रॉड एकाच संथ गतीने आणि कोरड्या काळ्या भुग्याचे जात असतील, तर खाली तोच अखंड पाषाण आहे. खिशातल्या कागदाकडे बघायची ती वेळ.

केसिंग मुरूम ओलांडून कठीण पाषाणात दोन-तीन फूट बसलं पाहिजे. ते अर्धवट मुरमातच सोडलं तर पहिल्या पावसाळ्यात माती आत येते, मोटर गाळाने जाम होते आणि कधी कायमची अडकते. केसिंगचे चार हजार वाचवायला जाऊन चोवीस हजारांची मोटर गमावू नका.

किती इंच पाणी?

‘दोन इंच पाणी लागलं’ या वाक्याने फार फसगत होते. बोअरवर पाणी मोजायला पत्र्याला काटकोनात कापलेली व्ही आकाराची खाच वापरतात आणि त्या खाचेतून किती इंच उंचीने पाणी वाहतं ते सांगतात. यात इंच दुप्पट झाले की पाणी दुप्पट होत नाही, साडेपाच पटींहून जास्त होतं. एक इंच म्हणजे तासाला साधारण ५०० लिटर. दोन इंच म्हणजे सुमारे २,९००. तीन इंच म्हणजे जवळपास ८,०००. अडीचला तीन म्हणून सांगितलं तर तुमच्या हिशोबात तासाला तीन हजार लिटरची तफावत पडते. काही ठिकाणी तर इंच म्हणजे पाइपाचा व्यास धरतात. तो हिशोबच निराळा. त्यामुळे लिटरमध्येच विचारा. त्याहून खात्रीचं म्हणजे २०० लिटरचा पिंप आणि मोबाइलमधलं घड्याळ. पिंप चार मिनिटांत भरला तर तासाला ३,००० लिटर.

हे मोजमापही खोदाईच्या दिवशीचं धरू नका. कंप्रेसरच्या दाबाने आलेलं पाणी आणि मोटरने तासन्‌तास मिळणारं पाणी यात फरक असतो. दोन-चार दिवस बोअर शांत राहू द्या. मग ओळखीच्या मोटर मेकॅनिककडून भाड्याची मोटर सोडून सलग सहा-आठ तास चालवा. सुरुवातीला पाणी किती फुटांवर होतं, चालताना कुठवर उतरलं, बंद केल्यावर किती वेळात परत वर आलं, हे दोरीला वजन बांधून मोजा. सहाव्या तासाला पिंप किती मिनिटांत भरतो, तो तुमच्या बोअरचा खरा आकडा. नवी मोटर या चाचणीनंतरच घ्या. खोदाईच्या रात्री उत्साहात दुकान उघडायला लावून साडेसात एचपी आणणं ही महागडी घाई आहे.

मोटर मोठी असली की पाणी जास्त मिळतं हा समज फार खोल रुजलेला आहे. तासाला ३,००० लिटर देणाऱ्या, २०० फुटी बोअरला, ठिबकचा दाब धरूनही दोन ते तीन एचपी पुरते. तिथे पाच एचपीची, तासाला आठ-दहा हजार लिटर ओढणारी मोटर सोडली तर ती थोड्याच वेळात बोअर रिकामा करते आणि कोरडी फिरते. मग दिवसभर चालू-बंद, आणि वर्ष-दोन वर्षांत वायंडिंग जळालेलं. राज्यात एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत विजेची योजना आहे, त्यामुळे मोठ्या मोटरचा विजेचा खर्च दिसत नाही. मोटर भरण्याचा खर्च मात्र तुमचाच असतो.

आता हे पाणी किती शेताला? एक एकरावर एक मिलिमीटर पाणी द्यायचं तर सुमारे ४,००० लिटर लागतात. कडक उन्हाळ्यात जमीन पूर्ण झाकलेल्या पिकाची रोजची गरज सहा मिलिमीटर धरली, तर एकरी २४,००० लिटर झाले. तासाला ३,००० लिटरचा बोअर आठ तास चालून बरोबर एवढंच देतो. म्हणजे भाजीपाल्याचा एक एकर, किंवा ठिबकवर अंतर सोडून लावलेल्या फळबागेचं त्यापेक्षा थोडं जास्त क्षेत्र. चार एकर उसाचं स्वप्न या बोअरवर बघू नये. एका हेक्टर शेताखाली दहा मीटर जाडीचा ओला मुरूम-मांजऱ्या असेल आणि त्यातून दोन टक्के पाणी निघत असेल, तर साठा होतो २० लाख लिटरचा. पारंपरिक पद्धतीने पाणी दिलेला हेक्टरभर ऊस वर्षाला दोन कोटी लिटरच्या आसपास पितो. हिवरे बाजार या गावाने सिंचनासाठी बोअर बंद केले, उसासारखी पिकं टाळली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली, त्यामागे हेच गणित होतं. तिथल्या विहिरींना पाणी राहिलं ते त्यामुळे.

बोअरचा विचार पक्का करण्याआधी आपल्या जुन्या विहिरीकडेही एकदा नीट बघा. बऱ्याच ठिकाणी विहिरीतला गाळ काढणं, तळात उभा बोअर घेणं किंवा बाजूच्या मुरमात आडवे बोअर मारणं, यांतून कमी पैशांत जास्त पाणी मिळतं. विहिरीला पाणी साठवण्याची जागा असते. रात्रभर झिरपलेलं पाणी सकाळी एकदम उपसता येतं; सहा इंची भोकात ती सोय नाही. सरकारी मदतही प्रामुख्याने विहिरीलाच आहे. रोजगार हमीतून मिळणाऱ्या सिंचन विहिरीचं अनुदान २०२२ च्या शासन निर्णयाने चार लाखांपर्यंत नेलं गेलं. अनुसूचित जातीच्या शेतकऱ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आणि अनुसूचित जमातींसाठी बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना आहे. त्यात नवीन विहीर, जुन्या विहिरीची दुरुस्ती, विहिरीतला बोअर, पंपसंच यांना अनुदान मिळतं, अर्ज महाडीबीटीवर. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. अडीच एकरांपर्यंत तीन, पाच एकरांपर्यंत पाच आणि त्यापुढे साडेसात एचपी, असं क्षेत्रानुसार प्रमाण आहे. वर दिलेल्या मोटरच्या खर्चाच्या जागी ही रक्कम घालून हिशोब पुन्हा करा. तो बराच हलका होतो. मात्र अनुदान किंवा कर्ज मंजूर होण्याआधी काम सुरू करू नका. नंतर केलेल्या अर्जाला सहसा काही मिळत नाही.

चालू बोअर टिकवायचा असेल तर पहिल्याच पावसाळ्याआधी पुनर्भरणाचा खड्डा करून घ्या. केसिंगभोवती साधारण दोन मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा. खड्ड्यातल्या केसिंगला बारीक भोकं पाडून त्यावर नायलॉनची जाळी घट्ट गुंडाळायची, मग खालून मोठे दगड, त्यावर खडी, वर वाळू. शेतातलं पाणी थेट यात सोडू नका. आधी एका छोट्या खड्ड्यात गाळ बसू द्या. खतं-फवारण्या भरपूर होणाऱ्या तुकड्यातलं पाणी तर यात घेऊच नका, कारण हेच पाणी शेजारच्या विहिरीतून कुणाच्या तरी घागरीत जातं. ६०० मिलिमीटर पावसात एका एकरावर २४ लाख लिटर पाणी पडतं. त्यातला थोडा वाटा आत मुरला तरी बोअरचे उन्हाळ्यातले काही आठवडे वाढतात.

बोअरची नोंद सातबाऱ्यावर करून घ्या. वीजजोडणी आणि योजनांसाठी ती विचारली जाते. आणि बोअर कोरडा गेला, तर त्याच दिवशी, गाडी शेतातून हलण्याआधी तो बंद करा. केसिंग परत काढून न्यायला काही गाड्या तयार असतात, पैसेही देतात. ते काढल्यावर उरलेलं उघडं भोक लहान मुलासाठी मरण आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांप्रमाणे सोडून दिलेला बोअर माती, वाळू, दगड घालून जमिनीच्या पातळीपर्यंत भरायचा असतो. चालू बोअरच्या केसिंगवर वेल्डिंग केलेली पोलादी प्लेट किंवा नट-बोल्टचं भक्कम झाकण हवं, आणि भोवती ३० सेंटिमीटर जमिनीवर, ३० सेंटिमीटर खाली असा सिमेंटचा ओटा. मोटर दुरुस्तीला वर काढली असेल त्या दोन-तीन दिवसांतही झाकण लावूनच ठेवायचं. गोणपाट आणि वर दगड, हे झाकण नव्हे.